शेरा आणि ठिपका

चौतीस वर्षे शाळेत काढली. या काळात आपण किती प्रगतिपुस्तके भरली असतील, याचा हिशेब परवा सहज मांडून पाहिला. वर्गात सरासरी पन्नास मुले आणि वर्षाला दोन सत्रे धरली तरी आकडा तीन हजार चारशेवर जातो. प्रत्येक पुस्तकात गुणांच्या तक्त्याखाली एक रकाना असे : 'वर्गशिक्षकांचा शेरा'. निकालाच्या आदल्या रात्री बसून हे रकाने भरायचे. 'प्रगती समाधानकारक', 'गणिताकडे लक्ष द्यावे', 'हुशार पण चंचल'. पहिल्या दहा पुस्तकांत थोडा विचार असे. पुढे हात आपोआप चाले.

हा हिशेब मांडायला निमित्त झाले एका फोनचे. माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशात संशोधन करते. पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपले असे आपल्याला वाटते. पण त्या क्षेत्रात त्यानंतरही दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत काही वर्षे उमेदवारी करावी लागते. तिला पोस्टडॉक म्हणतात. हिची ती उमेदवारी चालू आहे आणि तिचा विषय आहे, पेशी रायबोझोम कसे घडवतात आणि कसे वापरतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की आठवीच्या वर्गावर जाऊन पेशीची आकृतीही काढली आहे. त्या आकृतीत रायबोझोम म्हणजे खडूने फळ्यावर टकटक करून काढलेले ठिपके. एवढाच माझा आणि रायबोझोमचा परिचय.

ती म्हणाली, "सर, तुम्हाला इतिहास आवडतो ना? मग जॉन गर्डनच्या प्रगतिपुस्तकापासून सुरुवात करा. बेडकाच्या पिल्लापर्यंत आपोआप पोचाल."

तसे केले, आणि महिनाभर त्यातून बाहेर पडता आले नाही. म्हणून हा लेख.

१९४९ सालचा उन्हाळा. इंग्लंडमधील ईटन ही जुनी, नामांकित शाळा. पंधरा वर्षांच्या जॉन गर्डनचे सत्राअखेरचे प्रगतिपुस्तक घरी आले. जीवशास्त्रात त्या वर्षीच्या अडीचशे मुलांत त्याचा क्रमांक शेवटचा होता. एका लेखी कामात पन्नासपैकी दोन गुण. शिक्षकांनी लिहिलेल्या शेऱ्याचा सारांश असा : काम अगदीच असमाधानकारक आहे, मुलगा सांगितलेले ऐकत नाही, आपल्याच पद्धतीने काम करण्याचा हट्ट धरतो, याला शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे कानावर आले आहे, पण सध्याची तऱ्हा पाहता ती कल्पना हास्यास्पद आहे, साधी जीवशास्त्रातली माहिती ज्याला शिकता येत नाही, त्याने विज्ञानाच्या मागे लागणे म्हणजे त्याच्या आणि त्याला शिकवणाऱ्यांच्या वेळेचा निव्वळ अपव्यय.

हाच मुलगा शाळेत हजारो सुरवंट पाळून त्यांचे पतंग होताना पाहत असे. पण सुरवंटांना परीक्षेत गुण नव्हते.

त्या शेऱ्यानंतर शाळेत त्याचे विज्ञान बंद झाले. लॅटिन आणि ग्रीक शिकून तो बाहेर पडला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजसाठी त्याने अभिजात भाषांचीच प्रवेशपरीक्षा दिली. तिथला प्रकार तर विनोदीच आहे. ज्या विषयात परीक्षा दिलीस तो विषय सोडून दुसरे काहीही शिकायचे, या अटीवर त्याला प्रवेश मिळाला! मग आईवडिलांनी खाजगी शिक्षक लावून वर्षभरात त्याच्याकडून प्राथमिक विज्ञान करून घेतले आणि तो प्राणिशास्त्राला बसला. पदवीनंतर कीटकांवर संशोधन करायचे होते, तेथे नकार मिळाला. शेवटी मिखाएल फिशबर्ग नावाच्या प्राध्यापकांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतले. तेथे कीटक नव्हते. बेडूक होते.

आता बेडकांकडे वळण्याआधी रायबोझोमबद्दल थोडे सांगायला हवे.

हा शब्द आपल्याकडे २००९ साली वर्तमानपत्रांत झळकला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.एस्सी. झालेले वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ या तिघांना रायबोझोमच्या रचनेवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा. आपले स्नायू, रक्तातील हिमोग्लोबिन, जेवण पचवणारे पाचक रस ही सगळी प्रथिने. प्रथिन कसे बांधायचे याचा मजकूर डीएनएमध्ये असतो. त्या मजकुराची आरएनएवर नक्कल होते आणि ती नक्कल वाचून अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवण्याचे काम रायबोझोम करतो. तो स्वतः आरएनए आणि प्रथिने यांचाच बनलेला असतो. आकार म्हणाल तर एक मिलिमीटरच्या रेषेवर तीसेक हजार रायबोझोम ओळीने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज पॅलाडे यांनी १९५५ साली या कणांचे नीट वर्णन केले. बोस्टनमध्ये पॉल झॅमेक्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ले वापरून प्रथिने याच कणांवर तयार होतात हे दाखवले. 'रायबोझोम' हे नाव रिचर्ड रॉबर्ट्स यांनी सुचवले ते १९५८ साली. म्हणजे माझ्या पिढीचा जन्म होत होता त्याच सुमारास या कणाचे बारसे झाले.

पण एक प्रश्न तसाच राहिला होता. पेशीत लाखोंनी असणारे हे कण येतात कुठून? त्यांना कोण घडवते?

गंमत अशी, की ज्या जागी ते घडतात ती जागा माणसाला शंभराहून अधिक वर्षे डोळ्यांनी दिसत होती. पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो. त्याला केंद्रकी म्हणतात, इंग्रजीत न्यूक्लिओलस. रायबोझोम दिसत नाही, पण केंद्रकी साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसते. १८३० च्या दशकात तिची वर्णने झाली होती. एकोणिसावे शतक संपेपर्यंत तिच्यावर शेकडो निबंध लिहिले गेले. ती अन्नसाठा आहे, ती टाकाऊ माल आहे, असे नाना तर्क झाले. पेशी विभागताना ती नाहीशी होते आणि नंतर पुन्हा उगवते, म्हणून तिचा थांगही लागत नसे.

पहिला पक्का धागा १९३० च्या दशकात मिळाला. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंनी मक्याच्या पेशींत पाहिले, की केंद्रकी कुठेही उगवत नाही. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका ठराविक जागीच ती तयार होते. क्ष-किरणांनी ती जागा मोडून तिचे दोन तुकडे झाले, तर दोन्ही तुकड्यांपाशी केंद्रकी दिसते. हा निबंध १९३४ चा. डॉक्टरेट होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती, तरी बाईंना कायमची नोकरी नव्हती. आजच्या पोस्टडॉकना हे वाचून बरे वाटेल की वाईट, कुणास ठाऊक! पुढे १९४० च्या दशकात कॅस्पर्सन आणि ब्राशे यांच्या लक्षात आले, की ज्या पेशी भरपूर प्रथिने बनवतात त्यांची केंद्रकी मोठी असते. ठिपक्याचा प्रथिनांशी काहीतरी संबंध आहे, इथवर गाडी आली आणि थांबली. संबंध आहे असे वाटणे वेगळे आणि तो सिद्ध होणे वेगळे. त्यासाठी ठिपका नसलेला प्राणी हवा होता.

तो फिशबर्ग यांच्या प्रयोगशाळेत आपोआप चालून आला.

त्यांच्याकडचे बेडूक दक्षिण आफ्रिकेतले, झेनोपस जातीचे. या बेडकीला संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की ती वर्षात केव्हाही अंडी घालते. एके काळी बायकांची गर्भचाचणीही हिच्यावरच होत असे. बाईच्या लघवीचा अंश बेडकीला टोचायचा. तिने अंडी घातली तर बाईला दिवस गेले आहेत असे समजायचे. त्यामुळे हे बेडूक इस्पितळांतून जगभर पसरले होते. या बेडकाच्या पेशीत सर्वसाधारणपणे दोन केंद्रकी असतात, एक आईकडच्या गुणसूत्रावरची आणि एक बापाकडच्या. फिशबर्ग यांच्याकडच्या एका बेडकीच्या पिल्लांत मात्र निम्म्यांच्या पेशींत एकच ठिपका दिसला. एल्सडेल, फिशबर्ग आणि स्मिथ यांनी १९५८ साली हे प्रसिद्ध केले.

एक ठिपकावाले बेडूक धडधाकट होते. मग एक ठिपकावाला नर आणि एक ठिपकावाली मादी यांची जोडी लावली. मेंडेलचे वाटाण्याचे गणित शाळेत ज्यांनी केले आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. चारातले एक पिल्लू दोन ठिपक्यांचे, दोन एका ठिपक्याची आणि एक बिनठिपक्याचे. ही बिनठिपक्याची पिल्ले सुरुवातीला इतरांसारखीच वाढत. डोके, शेपूट, ठोके देणारे हृदय, सगळे जिथल्या तिथे. भैकेर होऊन पाण्यात पोहूही लागत. मग त्यांची वाढ अडखळे आणि स्वतः खायला लागण्यापूर्वीच ती मरत. चारातले एक, दर वेळी.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. निरोगी पेशीतले दोन ठिपकेही कधी कधी एकमेकांत मिसळतात आणि एकच दिसतो. म्हणजे एका पेशीत एक ठिपका दिसला म्हणून निवाडा करता येत नाही. एकाच पिल्लाच्या पुष्कळ पेशी तपासायच्या, कुठेही दोन ठिपके सापडत नाहीत ना हे पाहायचे आणि मगच लिहायचे. बेडकाच्या पिल्लाबद्दल एक ओळ लिहिण्याआधी ही माणसे इतके मोजत होती.

गर्डनने या ठिपक्यांचा उपयोग प्रथम दुसऱ्याच कामासाठी केला. वाढलेल्या पेशीचे केंद्रक काढून ते अंड्यात बसवले तर त्यातून पूर्ण प्राणी होईल का, हा त्याच्या डॉक्टरेटचा प्रश्न. पिल्लू झाले, तरी ते बसवलेल्या केंद्रकातूनच झाले की अंड्याच्या मूळ केंद्रकाचा अंश राहून गेला होता, ही शंका कुणीही काढली असती. म्हणून केंद्रक घेतले एक ठिपकावाल्या वंशातून आणि अंडे दोन ठिपकावाल्या वंशातून. होणाऱ्या बेडकाच्या अंगभर एकच ठिपका! पाहुण्याने स्वतःची ओळखचिठ्ठी सोबत आणल्यासारखे झाले. याच कामासाठी त्याला पुढे २०१२ साली शिन्या यामानाका यांच्याबरोबर वैद्यकाचे नोबेल मिळाले.

डॉक्टरेटनंतर गर्डन पोस्टडॉक म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला. तेथे त्याने जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या जनुकांवर काम केले. त्यात मन रमले नाही. परत ऑक्सफर्डला येऊन त्याने बेडूकच धरले. दुसरीकडे बाल्टिमोरमध्ये, कार्नेगी संस्थेच्या भ्रूणशास्त्र विभागात, डोनाल्ड ब्राउन काम करत होते. ते वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर. दवाखाना थाटण्याऐवजी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उमेदवारी करून भ्रूणाच्या रसायनाकडे वळले होते. एकाकडे ऑक्सफर्डचे बेडूक, दुसऱ्याकडे आरएनए मोजण्याची विद्या. दोघे एकत्र आले आणि १९६४ साली त्यांचा छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला.

प्रयोग सांगायला सोपा आहे. वाढत्या भ्रूणांना किरणोत्सारी कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड दिला. भ्रूण जे जे नवे बनवील, त्यात हा खुणेचा कार्बन जाणार. जुन्या मालात तो नसणार. मग आरएनए वेगळे काढून, साखरेच्या द्रावणात गरगर फिरवून, वजनाप्रमाणे त्याचे थर पाडले. निरोगी भ्रूणांत रायबोझोमच्या दोन्ही मोठ्या आरएनएंच्या थरांत खूण सापडली. बिनठिपक्याच्या भ्रूणांत त्या थरांत काहीच नव्हते. इतर प्रकारचे आरएनए ते बनवत होते, फक्त रायबोझोमचे नाही. ठिपका नाही तर रायबोझोमचा आरएनए नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ दिसत असलेल्या त्या ठिपक्याचे काम काय, याचे उत्तर मिळाले. तो रायबोझोमचा कारखाना होता.

आता खरा प्रश्न. स्वतःचा एकही नवा रायबोझोम न बनवता ती पिल्ले भैकेर होईपर्यंत जगली कशी?

आईच्या शिदोरीवर. अंडे तयार होताना बेडकीने त्यात रायबोझोमचा प्रचंड साठा भरून ठेवलेला असतो. एका अंड्यात लाख कोटींच्या घरात! १९६८ साली ब्राउन आणि डेव्हिड यांनी, तसेच स्वतंत्रपणे जोसेफ गॉल यांनी दाखवले, की या कामासाठी अंडपेशी रायबोझोमच्या आरएनएच्या जनुकांच्या कितीतरी जादा प्रती काढते आणि तिच्या केंद्रकात दोनाऐवजी हजाराहून अधिक केंद्रकी कामाला लागतात. लेकीला सासरी पाठवताना आई डब्यांवर डबे भरते ना, त्यातलाच प्रकार. त्या शिदोरीवर पिल्लाचे डोळे, हृदय, शेपूट सगळे होते. निरोगी पिल्लू दरम्यान आपला कारखाना सुरू करते. ज्याला कारखानाच नाही त्याचे शिदोरी संपल्यावर उघडे पडते. तोवर बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही.

ठिपका नसणे हे पिल्लाच्या मरणाचे कारण होते की नुसती खूण, हेही १९६६ मध्ये उलगडले. वॉलेस आणि बर्नस्टील यांनी दाखवले, की बिनठिपक्याच्या पिल्लात रायबोझोमच्या आरएनएचा मजकूर असलेला डीएनएचा तुकडाच गळून गेलेला असतो. निरोगी गुणसूत्रावर त्या जागी त्याच जनुकाच्या शेकडो प्रती ओळीने असतात. मॅक्लिंटॉक बाईंनी मक्यात दाखवलेल्या जागेचा अर्थ आता कळला. माणसात अशा जागा तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवर आहेत. तुकडा गळणे हे मूळ कारण, आणि ठिपका नसणे ही त्याची खूण.

कारखाना सापडला, पण कारखान्यात माल कसा जुळतो? १९६८ सालीच विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा यांनी पीटर ट्राउब या तरुण सहकाऱ्यासह जिवाणूच्या रायबोझोमचा लहान भाग सुटा केला. आरएनए एकीकडे, वीसेक प्रथिने दुसरीकडे. मग योग्य तापमानात ते सर्व पुन्हा एकत्र केले, तर भाग आपोआप जुळला आणि काम करू लागला. म्हणजे जुळणीची सारी माहिती त्या सुट्या भागांतच होती. आपल्यासारख्या प्राण्यांच्या पेशीत मात्र इतके सोपे नाही. तेथे ऐंशी प्रथिने आणि चार आरएनए एकत्र यायचे, तर दोनशेहून अधिक मदतनीस प्रथिने लागतात. कुणी कापते, कुणी घडी घालते, कुणी तपासते, कुणी अर्धवट माल केंद्रकाबाहेर पोचवते. रायबोझोम तयार झाला की ही सगळी बाजूला होतात. तयार मालात त्यांचे नाव नसते.

वेगही पाहा. जोमाने वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोझोम असतात आणि ती साधारण शंभर मिनिटांत दुप्पट होते. भागाकार करा : मिनिटाला दोन हजार रायबोझोम. आपण हे वाक्य वाचेपर्यंत तिने शेकडो बनवले असतील. एवढा खर्च पेशी उगाच करत नाही. उपासमार झाली की ती पहिल्यांदा हा कारखाना मंदावते.

आणि हे सगळे बेडकापुरते आणि यीस्टपुरते नाही. १९३८ साली बोस्टनच्या डायमंड आणि ब्लॅकफॅन या दोन डॉक्टरांनी एक दुर्मीळ आजार नोंदवला होता. मूल वर्षाचे होण्याच्या आतच पांढरेफटक पडते, कारण त्याच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. वारंवार रक्त द्यावे लागते. याचे कारण साठ वर्षे कळले नव्हते. १९९९ मध्ये पहिले दोषी जनुक सापडले आणि ते निघाले रायबोझोमच्या एका प्रथिनाचे. सुमारे पाव रुग्णांत तेच बिघडलेले असते. पुढे अशी आणखी जनुके मिळाली, तीही बहुतेक रायबोझोमच्याच प्रथिनांची. या मुलांत जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते. एक ठिपकावाला बेडूक निम्म्या सामग्रीवर धडधाकट राहतो. माणसाच्या बाळाचे मात्र तसे होत नाही. रायबोझोम सगळ्याच पेशींना लागतात. मग तुटवड्याचा फटका तांबड्या पेशींनाच एवढा का बसतो, अशा प्रश्नांवर माझ्या विद्यार्थिनीसारखी मुले-मुली आज प्रयोगशाळेत रात्री काढत आहेत. त्या दोनशे मदतनीस प्रथिनांसारखीच. पुढे छापील पुस्तकात एक ओळ येईल, तीत बहुतेकांची नावे नसतील.

असो. आता शेऱ्याकडे येतो.

गर्डनने ते प्रगतिपुस्तक फेकले नाही. चौकट करून ते आपल्या कामाच्या जागी लावले. केंब्रिजमध्ये त्याच्या नावाची संशोधनसंस्था झाली, तरी ते तिथे होतेच. २०१२ साली वर्तमानपत्रांनी ही गोष्ट चवीने छापली. वाचणारे हसले आणि ईटनच्या त्या शिक्षकांची फजिती झाली. मला मात्र हसू आले नाही. पन्नासपैकी दोन गुण समोर असताना मी काय लिहिले असते? कदाचित शब्द जरा मवाळ असते, एवढेच.

आणि एक गोष्ट हसणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. शेरा चुकीचा होता, तरी त्याचा परिणाम झालाच. शाळेत त्याचे विज्ञान बंद झाले. ते पुन्हा उघडले, कारण खाजगी शिक्षक ठेवून वर्षभर बसवून शिकवण्याची ऐपत घरात होती. ही त्याची शिदोरी होती. शिदोरी नसती तर चौकटीत लावायला तो कागद उरला असता, पण तो लावण्याजोगी भिंत मिळाली नसती.

माझ्याकडे नववीत एक मुलगा होता. वडील बाजारात हमाली करत. मुलाला विज्ञानाकडे जायचे होते. विज्ञानात गुण बेताचेच. मी वार्षिक निकालाच्या शेऱ्यात लिहिले, 'पुढे विज्ञान शाखेचा आग्रह धरू नये.' लिहिताना हात थांबला नव्हता. वडिलांना वाचता येत नव्हते; त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतले आणि सरांनी सांगितले म्हणजे विषय संपला. मुलगा वाणिज्य शाखेला गेला, दोन वर्षांत शिक्षण सुटले. आज तालुक्याच्या गावी त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक लांबून त्याच्याकडे आणतात. काही वर्षांपूर्वी गेलो होतो. तारेचा वेढा न् वेढा मोजत त्याने माझ्याशी गप्पा मारल्या. कोणत्या मोटारीत किती वेढे, तार किती जाडीची, एखादा वेढा चुकला तर काय होते, हे तो पाठ नव्हे, समजून सांगत होता. मी चाचरत शेऱ्याचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "बरोबरच होतं की तुमचं, सर. मला कुठं झेपणार होतं?"

तेव्हापासून ते 'बरोबरच होतं' मला छळते.

माझे बरोबर होते की चूक, हे मला कधीच कळणार नाही. ऑक्सफर्डच्या त्या मंडळींचे भाकीत खरे ठरत असे. बिनठिपक्याचे पिल्लू पोहत असतानाच ते सांगू शकत, की हे जगणार नाही. कारण त्यांनी आधी पुष्कळ पेशी मोजल्या होत्या, पिढ्या तपासल्या होत्या, आणि ठिपका ही खऱ्या कारणाची खरी खूण होती. माझ्यापुढे काय होते? एका सत्राचे गुण. एका पेशीत एक ठिपका पाहावा आणि लिहून मोकळे व्हावे, तसे मी केले. तो कुठल्या शिदोरीवर इथवर आला आहे, त्याचा स्वतःचा कारखाना सुरू व्हायचा आहे की नाही, यातले काहीही त्या गुणांत दिसत नव्हते.

आणखी एक फरक आहे. बेडकाच्या पिल्लाला शेरा वाचता येत नाही. वहीत काही लिहिले तरी पाण्यात काही बदलत नाही. माझा शेरा मात्र घरी गेला, वाचला गेला आणि खरा ठरला. आपल्यामुळेच खरे ठरलेले भाकीत हे भाकीत म्हणावे का?

प्रत्येक नापास मुलात एक गर्डन दडलेला असतो, असले काही मला म्हणायचे नाही. त्या अडीचशे मुलांत नोबेल मिळवणारा बहुधा तो एकटाच. प्रत्येकाला सगळेच जमते, हेही खरे नाही. 'विज्ञानात मागे आहे' हे मला दिसत होते आणि ते लिहिण्याचा मला अधिकार होता. 'आग्रह धरू नये' हे मला दिसलेले नव्हते. जेवढे दिसले तेवढेच लिहायचे, ही शिस्त इतिहास शिकवताना मी मुलांना वर्षानुवर्षे सांगितली. पुरावा किती, निष्कर्ष किती, म्हणून त्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खुणा केल्या. स्वतःच्या शेऱ्याला ती लाल शाई कधी लावली नाही.

परवा विद्यार्थिनीचा पुन्हा फोन आला. तिला हे सगळे सांगितले. क्षणभर गप्प राहून तिने विचारले, "सर, माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्ही काय लिहिलं होतं, आठवतं का?"

मला आठवले नाही. तिला आठवत होते. 'अक्षर सुधारावे.'

तेवढे मला दिसले होते.